पाणी चढत असताना साहेबांचा फोन लागला नाही तर?

प्रति,
नवी मुंबईच्या पावसाळापूर्व समन्वय बैठकीला बसणारे सर्व विभागप्रमुख
(महापालिका, सिडको, एमआयडीसी, पोलीस, अग्निशमन, रेल्वे, महावितरण, सार्वजनिक बांधकाम, वनविभाग आणि ठाणे व रायगड या दोन्ही जिल्ह्यांची प्रशासनं)

विषय : संपर्क तुटल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, हे पावसाच्या आधी लिहून ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

दरवर्षी पावसाच्या तोंडावर तुमची बैठक होते. दुसऱ्या दिवशी पेपरात लांबलचक टेबलाचा फोटो येतो आणि खाली ठरलेलं वाक्य असतं: सर्व यंत्रणांनी परस्पर समन्वयाने काम करावे, अशा सूचना देण्यात आल्या. हे सगळं पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. मी फौजेच्या सिग्नल्स कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यात. थोरले बंधू एपीएमसीत माथाडी होते, त्यांच्या आधाराने कोपरखैरण्यात घर केलं. नोकरीभर माझं काम एकच होतं, एका तुकडीचं म्हणणं दुसऱ्या तुकडीपर्यंत पोहोचवायचं. त्यामुळे हे वाक्य वाचलं की राहवत नाही. सूचना देऊन समन्वय होत असता तर फौजेने आमच्यासारख्यांना पगार कशाला दिला असता?

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात पाणी भरलं तेव्हा मी गुडघाभर पाण्यातून पंपापाशी गेलो होतो. पंपावरचा माणूस जागेवर होता. पंप धड होता, डिझेल भरलेलं होतं. तो मोबाइल कानाला लावून उभा होता आणि म्हणत होता, ‘साहेब उचलत नाहीत.’ कोणत्या विभागाचा पंप आणि कोणाचा माणूस, ते लिहीत नाही, कारण त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. चालू करून काही बिघडलं असतं तर त्याच्याकडे खुलासा मागितला गेला असता. नाही केला, म्हणून कोणीच काही मागितलं नाही.

हा प्रसंग फौजेत घडला असता तर काय झालं असतं, असं मला सोसायटीतल्या एका तरुणाने विचारलं. त्याचं म्हणणं, ‘काका, तुमच्यात बरं असतं, हुकूम सुटला की सगळे धावतात.’ हा समज फार पसरलेला आहे आणि तुमच्यापैकी काहींचाही असेल, म्हणून आधी तो बाजूला करतो. लढाई सुरू झाल्यावर वरून हुकूम येतीलच, असं धरून कोणतीही शहाणी फौज चालत नाही. रेडिओ सेट बंद पडतो, तार तुटते, कमांडर जखमी होतो, नकाशावर दाखवलेला पूल जागेवर नसतो. अशा वेळी दहा जणांच्या सेक्शनने काय करायचं हे ठरवायला वर कोणी मोकळं नसतं. फौजेची सगळी तालीम या घटकेसाठी असते.

याची शिकवण युरोपला मोठा मार खाऊन मिळाली. १८०६ साली येना इथं नेपोलियनने प्रशियाच्या फौजेचा धुव्वा उडवला. प्रशियाची फौज कवायतीत पक्की होती, पण वरून हुकूम आल्याशिवाय हलत नव्हती. पराभवानंतर प्रशियाचा सेनानी शार्नहोर्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती नव्याने बांधायला घेतली. पुढे मोल्टके सेनाप्रमुख झाला तोवर रीत बदलत आली होती: वरच्याने काय साधायचं ते सांगावं, कसं साधायचं ते जागेवरच्या माणसावर सोडावं. शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडेपर्यंतच आराखड्याचा भरवसा धरता येतो, असं मोल्टकेचं सांगणं होतं. आज जगातल्या बहुतेक फौजा निदान कागदावर तरी हे मानतात.

आता आपल्याकडे हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते सांगतो. कारवाईच्या आधी कमांडर आपल्या हाताखालच्यांना एकत्र बसवतो, त्याला आम्ही ‘ओ ग्रुप’ म्हणतो. समोर मातीचं मॉडेल असतं. टेकडी म्हणजे मातीचा ढीग, नाला म्हणजे निळी सुतळी. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो: जमीन, दुश्मन, आपली फौज, मग ‘मकसद’, म्हणजे काय साधायचं ते. मकसद दोनदा सांगायचा असतो, शब्दाला शब्द तोच. बाकी काहीही दोनदा सांगत नाहीत. त्यानंतर कोणी कुठून जायचं, दारूगोळा आणि जखमींची व्यवस्था, आणि शेवटी सिग्नल: कोणती फ्रिक्वेन्सी, कोणता सांकेतिक शब्द, कमांडर पडला तर कमान, म्हणजे नेतृत्व, कोणाकडे, तोही पडला तर कोणाकडे. हे ज्याच्याबद्दल बोललं जातं तो समोर बसलेला असतो आणि कोणालाही ते अशुभ वाटत नाही. मग घड्याळं मिळवतात. मग विचारतात, ‘कोई शक?’ आणि कोणालाच शंका नसेल तर कमांडर एकेकाला उठवून त्याचं काम त्याच्याच तोंडून वदवून घेतो. दोन पायऱ्या वरच्या कमांडरला काय साधायचं आहे हेही खालच्याला ठाऊक असावं लागतं, कारण तेवढं ठाऊक असेल तर तुटलेला हुकूम तो स्वतः पुरा करू शकतो.

तुमच्या बैठकीत ‘कोई शक’ विचारतात का? मला वाटतं विचारत असतील. पण समोरच्याच्या तोंडून त्याचं काम वदवून घेत नसणार, कारण त्या टेबलावर प्रत्यक्ष काम करणारा कोणीच बसलेला नसतो.

१९७१ ची दोन उदाहरणं देतो. लोंगेवालाचं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली माझ्या कामाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ४ डिसेंबरच्या रात्री २३ पंजाब या पलटणीच्या एका कंपनीसमोर पाकिस्तानी रणगाडे उभे राहिले. जैसलमेरची हंटर विमानं रात्री येऊ शकत नव्हती. वरच्या मुख्यालयाने मेजर कुलदीपसिंग चांदपुरींपुढे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या, थांबा किंवा मागे या. निर्णय जागेवरच्या माणसाने घेतला. उजाडल्यावर हंटर आली तेव्हा त्यांना लक्ष्य दाखवायला लष्कराचं छोटं कृषक विमान वर फिरत होतं, मेजर आत्मासिंग यांचं. मारा वायुसेनेचा आणि डोळे लष्कराचे, असा तो मेळ होता. तो त्या सकाळी सुचलेला नव्हता, असं काम करायची पद्धत आधीपासून बसवलेली होती.

दुसरं उदाहरण आताच्या बांगलादेशातल्या मेघना नदीचं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगतसिंग आशुगंजपर्यंत पोहोचले तेव्हा पाकिस्तान्यांनी मेघनेवरचा पूल उडवून दिला आणि पलीकडे भैरव बाजारला ते ठाण मांडून बसले. नदी अफाट रुंद. पूल बांधायला वेळ लागला असता, समोरून हल्ला केला असता तर माणसं गेली असती. सगतसिंगांनी भैरव बाजार तसाच सोडून दिला आणि ९ डिसेंबरला एमआय-४ हेलिकॉप्टरांनी पायदळ नदीपलीकडे रायपुरा भागात उतरवायला सुरुवात केली. बाकीचे जवान स्थानिक लोकांनी आणून दिलेल्या होड्यांतून पार झाले. ढाक्याचा रस्ता तिथून मोकळा झाला.

आता हे कसं जमलं ते बघा. हेलिकॉप्टरं वायुसेनेची, ग्रुप कॅप्टन चंदनसिंग त्यांचे प्रमुख. सगतसिंगांच्या हाताखाली ते नव्हते, दोघांचे वरिष्ठ वेगळे. पण दोन दिवस आधी, ७ डिसेंबरला, याच जोडीने सिल्हेटजवळ गोरखा जवान हेलिकॉप्टरमधून उतरवले होते. एकमेकांची ताकद, एकमेकांच्या अडचणी, हेलिकॉप्टरमध्ये किती माणसं मावतात, किती वेळ लागतो, हे सगळं दोघांना हाताला लागलेलं होतं. म्हणून पूल कोसळल्यावर बैठक बोलवायची गरज पडली नाही. साहेब, तुमच्यातले किती जण आपल्या शेजारच्या विभागाच्या कंट्रोल रूममध्ये एकदा तरी जाऊन आलेत? तिथला रात्रपाळीचा माणूस तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो का?

फौजेचं फक्त गुणगान करायला हे पत्र लिहीत नाही. समन्वय सुटला की फौजेत माणसं मरतात आणि तीही आपल्याच हातून. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. आत २६ जण होते, अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की, कुर्दी. आभाळ स्वच्छ होतं. वर टेहळणीचं अवॅक्स विमान दोघांवरही नजर ठेवून होतं. मोहीम सुरू होऊन तीन वर्षं होत आली होती आणि असलं काहीही घडलेलं नव्हतं.

चूक कोणा एकाची निघाली नाही. हेलिकॉप्टरं एका फ्रिक्वेन्सीवर, लढाऊ विमानं दुसऱ्या. त्या भागात शिरल्यावर ओळख पटवणारा कोड बदलायचा असतो, ते हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत पोहोचलेलंच नव्हतं. वैमानिकांच्या त्या दिवसाच्या कागदावर हेलिकॉप्टरांची नोंद नव्हती. अवॅक्समध्ये बसलेल्या प्रत्येकाला वाटलं, शेजारचा सांगेल. नंतर एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यानेच या घटनेचा खोलात अभ्यास केला. त्याने दाखवून दिलं की लिहिलेली पद्धत आणि रोजची सवय यांच्यात हळूहळू अंतर पडत जातं. प्रत्येक विभाग आपापल्या सोयीने थोडी वाट मोडतो आणि त्याच्यापुरतं सगळं नीट चालतं. इतर मात्र नियमाप्रमाणेच चाललेत, असं प्रत्येकजण धरून चालतो. ज्या दिवशी दोघांची गाठ पडते त्या दिवशी कळतं.

आपल्याकडेही २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ पाडलं. सहा वायुसैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. वायुसेनाप्रमुखांनी पुढे ती मोठी चूक असल्याचं उघडपणे मान्य केलं. यावर मी जास्त लिहीत नाही.

अवॅक्समधला तो ‘शेजारचा सांगेल’ मला नवी मुंबईत जागोजागी दिसतो. आपलं शहर कसं बसलंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तरी कागदावर येऊ द्या. पारसिकच्या डोंगरावरून पाणी उतरतं, एमआयडीसीतून येतं, ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेखालून जातं, वसाहतींतून वाहतं आणि खाडीला मिळतं. शहराचा काही भाग भरतीच्या पातळीखाली, म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीला दारं बंद व्हायची, पाणी तलावात साठायचं, ओहोटीला बाहेर जायचं. त्या तलावांत गाळ साठला आणि खारफुटी उगवली. खारफुटीला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की वाशी-बेलापूरच्या सखल सेक्टरांत पाणी चढतं. म्हणजे पाण्याचा एकच थेंब डोंगरापासून खाडीपर्यंत तुमच्या टेबलावरच्या निम्म्या खुर्च्यांसमोरून जातो. त्यात बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि लागून असलेलं खारघर रायगड जिल्ह्यात, महापालिका दोन, पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडचं एक.

एक साधा प्रश्न घ्या. रात्रीचे दोन वाजलेत, भरतीचा तास आहे, पाणी वीजपेटीला लागायला आलंय. महावितरणचा लाइनमन वीज बंद करणार, आणि त्याने केलीच पाहिजे, नाहीतर कोणीतरी शॉक लागून मरेल. पण त्याच फीडरवर, म्हणजे त्याच वीजवाहिनीवर, पाणी उपसणारा पंप आहे. वीज बंद करण्याआधी त्याने कोणाला सांगायचं? पंपवाल्याचा नंबर त्याच्याकडे आहे का? पंप डिझेलवर घेण्याचा अधिकार पंपवाल्याला आहे का, की त्यासाठी पुन्हा साहेबांना फोन? साहेबांच्या घरीही वीज गेलेली आहे आणि मोबाइलचा टॉवर बॅटरीवर किती वेळ टिकेल ते देव जाणे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल मुके झाले होते, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

यावर तुमचं उत्तर येईल, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. असणारच. आमच्या सोसायटीचाही आहे. पण रेडिओचं नेट, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेली स्टेशनं, आणि तुमचा ग्रुप यात फरक आहे, आणि तो यंत्राचा नाही. नेटवर एक कंट्रोल स्टेशन असतं. सगळे ऐकतात, पण बोलतो एकावेळी एकच, आणि थोडक्यात बोलतो. ज्याला निरोप दिला त्याने तो परत म्हणून दाखवायचा, तोवर निरोप पोहोचला असं धरायचं नाही. लॉगमध्ये वेळेसकट नोंद होते. ठरल्या वेळेला रेडिओ चेक होतो आणि एखादं स्टेशन बोललं नाही तर ते सुखरूप आहे असं समजत नाहीत, माणूस पाठवतात. ग्रुपवर दोनशे माणसं असतात. दोन निळ्या खुणा दिसल्या की पाठवणाऱ्याला वाटतं काम झालं, वाचणाऱ्याला वाटतं दुसरा कोणीतरी बघेल, आणि तेवढ्यात कोणीतरी पावसाचा व्हिडिओ टाकतो. फोटो पाठवायला ग्रुप उत्तम आहे. त्यावर कारवाई चालवू नका.

दुसरं, सिग्नल्समध्ये एका साधनावर कधीच विसंबत नाहीत. रेडिओ, त्यामागे तार, त्यामागे मोटारसायकलवरून निरोप नेणारा डीआर (डिस्पॅच रायडर), त्यामागे पायी धावणारा रनर. आणि सगळंच गेलं तर? गस्त बाहेर पडते तेव्हा ठरलेलं असतं: अमुक वाजेपर्यंत खबर आली नाही तर मागच्यांनी काय समजायचं, पुढच्यांनी काय करायचं. म्हणजे शांततेलाही अर्थ दिलेला असतो. आपल्या शहराच्या आराखड्यात फोन नंबरांची यादी असते, मी पाहिलेली आहे. फोन लागला नाही तर काय, हे पान मात्र मला सापडलं नाही.

कागदावर तुमच्याकडे पद्धत आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिचं मूळ कॅलिफोर्नियाच्या वणव्यांत आहे. १९७० च्या आगीत वेगवेगळ्या अग्निशमन दलांचे शब्द आणि रेडिओ जुळेनात, त्यातून ती जन्मली. एक कमांडर, त्याच्या हाताखाली कारवाई, नियोजन आणि रसद असे विभाग, आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण. फौजेत तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी, तोच हिशोब. २०२५ च्या दुरुस्तीने आता महापालिकांच्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय झाली आहे, आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. चांगलं आहे. पण नवी मुंबई आणि पनवेलला दोन प्राधिकरणं झाली, प्रत्येकाचा जिल्हाधिकारी वेगळा, तर बेलापूर-खारघरच्या सीमेवरच्या पाण्याचं काय? ते आताच एकत्र बसून ठरवा.

काहीजण म्हणतील, मग सगळ्यांवर एकच प्रमुख नेमा, फौजेसारखा. मी तसं म्हणणार नाही. फौजेलाच हे जमायला किती वर्षं गेली ते बघा. कारगिलच्या पहिल्या आठवड्यांत लष्कर आणि वायुसेना यांचं एकमत नव्हतं, हे आता लपलेलं नाही. २००१ मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक प्रमुख सुचवला. पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत यांनी पदभार घेतला तो १ जानेवारी २०२० ला. संयुक्त कमांडच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करता यावी, यासाठीचा कायदा झाला तो २०२३ मध्ये. वरच्या खुर्च्या जुळायला इतका वेळ लागतो. खालची माणसं त्याआधी जुळू शकतात, मेघनेवर जुळली तशी.

हे आपल्या भागातही घडलेलं आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी आत. एनडीआरएफ, नौदल, वायुसेना, लष्कर, रेल्वे, पोलीस सगळे आले, आजूबाजूच्या गावांतली माणसंही धावली आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. तिथं मकसद एकच होता आणि तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही. उलट १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा यंत्रं डोंगरावर चढेनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना, माणसांनी हातांनी माती उपसली. त्या चढावर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी दगावला. जागेवर काय मिळेल याचा अंदाज खालून बांधता येत नाही. म्हणूनच जागेवरच्याला मोकळीक लागते.

इराकमध्ये अमेरिकेचे जनरल मॅकक्रिस्टल यांच्यासमोर असाच पेच होता. त्यांच्याकडची पथकं एकेकटी जगात अव्वल, पण एका पथकाला मिळालेली माहिती दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत शिळी व्हायची. त्यांनी दोन गोष्टी केल्या. रोज ठरल्या वेळी सगळ्यांची व्हिडिओ बैठक, ज्यात दुरून हजारो माणसं एकच चित्र बघत. आणि प्रत्येक विभागाने दुसऱ्या विभागात आपला माणूस बसवायचा, तोही उत्तम माणूस. या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्या कार्यालयांत दुसरीकडे पाठवायला सांगितलं की नेमका रिकामा बसलेला माणूस पाठवतात. ज्याच्या जाण्याने आपलं काम अडेल असाच माणूस समन्वयाला पाठवायचा असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी एमआयडीसीचा एक चांगला अभियंता महापालिकेच्या कंट्रोल रूममध्ये आणि महापालिकेचा एक महावितरणमध्ये बसवून बघा.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पंपासाठी, प्रत्येक धारण तलावासाठी, प्रत्येक सखल सेक्टरासाठी एक पान लिहा. जाडजूड आराखडा राहू द्या, तो लेखापरीक्षणाला लागतो. पानावर सगळ्यात वर मकसद, साध्या मराठीत: आधी माणूस वाचवायचा, मग घरात पाणी शिरू द्यायचं नाही, मग रस्ता. क्रम महत्त्वाचा आहे, कारण भर पावसात सगळी माणसं रस्त्यावर लावली जातात आणि तळमजल्यावरची म्हातारी माणसं तशीच राहतात. त्याखाली, न विचारता कोण काय करू शकतो ते. पंपवाला डिझेल पंप चालू करू शकतो. कनिष्ठ अभियंता रस्ता बंद करू शकतो. स्टेशन ऑफिसर भाड्याने जेसीबी आणि होडी घेऊ शकतो, अमुक रकमेपर्यंत. महापालिका शाळेचा शिपाई शाळा उघडू शकतो, आणि किल्ली कोणाकडे आहे तेही लिहा, कारण रात्री मुख्याध्यापक कल्याणला असतात. त्याखाली, फोन गेले तर कोणी कुठे जाऊन उभं राहायचं. आणि शेवटी तुमची सही, की या पानाप्रमाणे वागून काही बिघडलं तर जबाबदारी माझी.

त्या सहीवर सगळं अडणार आहे, याची मला कल्पना आहे. पण कमांडर एवढ्यासाठीच असतो. खुलासा मागितला जाणार नाही, हे पंपवाल्याला पटलं नाही तर बाकीचं पान फाडून टाकलं तरी चालेल.

मग ते पान एकदा खेळून बघा. सभागृहात प्रोजेक्टर लावून करतात तसं नको. तीन तास, मोबाइल बंद, पंपवाले, लाइनमन, वॉर्डचे कनिष्ठ अभियंते, स्टेशन ऑफिसर, वाहतूक पोलीस आणि टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या परस्पर-मदत गटाची माणसं आपापल्या जागेवर. कोणाचे वॉकीटॉकी कोणाला ऐकू येतात ते त्या तीन तासांत कळेल. दुपारनंतर सगळ्यांना एकत्र बसवून काय तुटलं ते बोलू द्या, आणि तिथं हुद्द्याप्रमाणे बोलायचा क्रम लावू नका, आधी सगळ्यात खालच्याला बोलू द्या. साहेबांनी तोंड उघडलं की बाकीच्यांची मतं तीच होतात, हा माझा फौजेतलाच अनुभव आहे.

नवी मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यात सिग्नल्समधून निवृत्त झालेले आम्ही बरेचजण राहतो. नेट कसं चालवायचं, लॉग कसा लिहायचा, निरोप परत कसा म्हणून दाखवायचा हे शिकवायला आम्ही विनामोबदला येऊ. प्रमाणपत्र, सत्कार, शाल-श्रीफळ यातलं काही नको.

तारीख भरतीचं वेळापत्रक बघून ठरवा, मोठ्या भरतीच्या दिवसाची, जूनच्या आधीची. रविवार टाळा. रविवारी ठाणे-बेलापूर रस्ता रिकामा असतो, सगळे वेळेवर पोहोचतात आणि सराव झाल्यासारखा वाटतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सिग्नल्स
कोपरखैरणे, नवी मुंबई